लेबर लॉ कन्सल्टंटला महिन्याला साडेतीन हजार द्यावेत का? आमच्या दुकानाचा अनुभव

रेटिंग: ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आधी सांगते की ऑफिसचं नाव इथे टाकत नाहीये, कारण आमच्या कन्सल्टंट मॅडमनीच सांगितलं की नाव नको, हातात आहे तेवढंच काम नीट होऊ दे. पण लिहायचं मनात कधीचं होतं, कारण १०-१५ माणसं कामाला असलेले आमच्यासारखे बरेच दुकानदार एकमेकांना विचारून विचारून गाडा चालवतात आणि विचारलेल्या चौघांपैकी तिघांना चुकीचंच माहीत असतं. मलाही चुकीचंच माहीत होतं.

आमचं नाशिकला कपड्यांचं दुकान आहे, मेन रोडला एक आणि सिडकोत एक, रेडिमेड आणि शाळेचे युनिफॉर्म. दुकान सासऱ्यांनी उभं केलं, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. मिस्टरांची नोकरी आहे म्हणून २०२१ पासून हिशोब आणि माणसांचं सगळं मी बघते. दोन्हीकडे मिळून १४ माणसं, काउंटरवर सातजण, शिवणकाम-आल्टरला तिघं, गोडाऊनला दोघं, एक कॅशवर आणि एक डिलिव्हरीला. मे-जूनमध्ये युनिफॉर्मचा सीझन असतो तेव्हा अजून आठ जण घेतो, बहुतेक कॉलेजच्या मुली आणि जवळपासच्या बायका, आणि दरवर्षी साधारण त्याच येतात.

आधी आमच्याकडे एक एजंट होता. आप्पांच्या वेळेपासूनचा. शॉप ॲक्टचं (दुकानांसाठीचा राज्याचा कायदा) लायसन, प्रोफेशन टॅक्स, हजेरीचं मस्टर लिहिणं, सगळं तोच करायचा, वर्षाला ठरलेली रक्कम घ्यायचा आणि काय केलं ते कधी सांगायचा नाही. कागदावर त्याने नऊच माणसं दाखवलेली, का विचारलं तर म्हणाला दहाव्या माणसापासून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागतं ना ताई, मग कशाला. सीझनची माणसं तर वेगळ्या वहीत. आप्पांना वाटायचं हा आपलं भलं बघतोय. मी नवीन होते, गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला अजून सलतं.

मग झालं असं की २०२३ च्या दिवाळीनंतर काउंटरवरच्या एका मुलीने मला विचारलं, वहिनी, माझी बहीण दुसऱ्या दुकानात आहे, तिच्या पगारातून पीटी (प्रोफेशन टॅक्स) कापत नाहीत मग माझे दोनशे का कापतात? मी एजंटला फोन केला तर म्हणाला, कायदाच आहे, दहा हजाराच्या वर पगार गेला की दोनशे कापायचे आणि फेब्रुवारीत तीनशे. पुरुषांसाठी ते बरोबरच आहे. पण महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून बायकांना २५ हजारापर्यंत पगार असेल तर प्रोफेशन टॅक्स नाहीच! आधी ही सूट दहा हजारापर्यंत होती, ती वाढवली, आणि आमच्याकडे सहा बायका, सगळ्यांचा पगार २५ च्या खूप खाली. आठ महिने प्रत्येकीचे दोनशे, म्हणजे १,६०० रुपये एकेकीचे. चौदा हजार पगारातून सोळाशे गेले म्हणजे काय ते घर चालवणाऱ्या बाईलाच विचारा. ते पैसे आम्ही दुसऱ्या दिवशी घरातून परत दिले आणि एजंटला नमस्कार केला. त्याच महिन्यात तो मराठी पाटीच्या नावाखाली चार हजार मागत होता, साहेबांना भेटावं लागेल वगैरे. सुप्रीम कोर्टाने मराठी पाट्यांसाठी दिलेली दोन महिन्यांची मुदत २५ नोव्हेंबर २०२३ ला संपली त्याचे ते दिवस, सगळीकडे धावपळ चाललेली. आमची पाटी तर पहिल्यापासून मराठीत, मोठ्या अक्षरात, मग भेटायचं कोणाला आणि कशाला?

त्यानंतर मी एक पगाराचं ॲप घेतलं. जवळजवळ दीड वर्ष वापरलं. ॲपला मी नावं ठेवणार नाही, हजेरी मोबाइलवर लागायची, पगाराची स्लिप मुलांना व्हॉट्सॲपवर जायची, उचल किती घेतली ते दिसायचं, पोरांना आवडलेलं. मी त्यात चौदाही माणसं खरीखुरी घातली आणि मला वाटलं आता आपण सुटलो. पण ॲप काय करतं, तर तुम्ही जे भरता त्याचा हिशोब करतं. ईएसआयचा नंबर टाकायची जागा होती, आमच्याकडे नंबर नव्हता म्हणून मी ती रिकामी सोडली, तर चौदा माणसं असून नंबर कसा नाही असं त्याने एकदाही विचारलं नाही. किमान वेतनाचं पण तसंच. आपल्याकडे किमान वेतनात मूळ दर आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात, आणि तो विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, १ जानेवारीला आणि १ जुलैला. मी सुरुवातीला टाकलेला आकडा तसाच पुढे चालू राहिला.

मॅडमकडे गेले २०२५ च्या जूनमध्ये, शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी पत्ता दिला. शालिमारजवळ दुसऱ्या मजल्यावर छोटंसं ऑफिस, मॅडम आणि दोन मुली. मी फाइल घेऊन गेले तर म्हणाल्या फाइल राहू दे, मी दुकानात येते. भर सीझनमध्ये, दुपारी चारला, बाहेर पालकांची रांग, अशा वेळी त्या आल्या, कोपऱ्यात स्टुलावर बसल्या, तासभर कोणाशी काही बोलल्या नाहीत. मग सिडकोच्या दुकानात जाऊन आल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, ताई, तुमच्याकडे आज २२ माणसं काम करतायत.

आणि तिथून सगळं उलगडायला लागलं. २० माणसं झाली की पीएफ लागू होतो. एजंट म्हणायचा सीझनची धरायची नाहीत, मॅडमनी सरळ सांगितलं की एखाद्या दिवशी गर्दी झाली म्हणून कोणाला हाताखाली बोलावलं ती गोष्ट वेगळी, पण दरवर्षी दोन महिने ठरलेल्या कामाला ठरलेली माणसं येतात ती तुमची कामगारच आहेत, वेगळ्या वहीत लिहिल्याने ती वेगळी होत नाहीत. आप्पांनी लगेच विचारलं, मग ऑगस्टमध्ये चौदा झाली की पीएफ बंद करायचा ना? नाही. एकदा लागू झाला की माणसं वीसच्या खाली आली तरी तो चालूच राहतो. आप्पा दोन दिवस जेवताना काही बोलले नाहीत.

हिशोब सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. चौदा हजार पगारावर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,६८०, आपले तेवढेच, आणि वर विमा आणि प्रशासनाचा खर्च मिळून आपल्याला आणखी साधारण एक टक्का. ईएसआयचे कामगाराकडून पाऊण टक्का म्हणजे १०५ आणि आपले सव्वातीन टक्के म्हणजे ४५५ रुपये. हे सगळं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचं. २१ हजाराच्या वर पगार असेल तर ईएसआय नाही. दुकानाला हा खर्च जाणवतो, खोटं कशाला बोलू, आम्ही त्या वर्षी सिडकोच्या दुकानाचं फर्निचर पुढे ढकललं.

पण इथेच मॅडमच्या फीचा पहिला मोठा मोबदला मिळाला. ईएसआयने १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२५ अशी एक योजना काढलेली, स्प्री नावाची, की ज्यांनी आत्तापर्यंत नोंदणी केली नाही त्यांनी स्वतःहून करावी, मागची वसुली आणि मागची तपासणी नाही. मॅडमना ती लागू व्हायच्या आधीच माहीत होती, जुलैच्या पहिल्याच आठवड्यात आमची नोंदणी झाली. मला हे कधी कळलं असतं? मार्चमध्ये कोणीतरी फॉरवर्ड पाठवल्यावर. तसंच पीएफचं, १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० एप्रिल २०२६ पर्यंत जुन्या राहिलेल्या कामगारांची नोंद करायची मोहीम निघाली, त्यात कामगाराचा वाटा तेव्हा कापला नसेल तर तो माफ, आपला वाटा मात्र भरायचा आणि दंड नावाला शंभर रुपये. त्यात आम्ही आधीच्या वर्षांची आपली माणसं घालून घेतली. पैसे गेले, पण मागचं ओझं उतरलं.

कामगारांना पटवणं मात्र सोपं नव्हतं. हातात येणारा पगार कमी झाल्यावर काउंटरच्या दोघी रडल्याच, एक म्हणाली वहिनी तुम्ही चांगल्या होता, आता तुम्हीही कापायला लागलात. मी काय बोलणार. मॅडम एका बुधवारी सकाळी नऊला, दुकान उघडायच्या आधी आल्या, सगळ्यांना चहा घेऊन बसवलं आणि एक तास बोलल्या. यूएएन म्हणजे पीएफचा नंबर काय असतो, दुसऱ्या दुकानात गेलीस तरी तोच नंबर, तुमच्यातलं कोणी दगावलं तर घरच्यांना विम्याचे किती मिळतात, ईएसआय कार्डावर आई-वडिलांचं औषधपाणी कसं होतं. कोणी काय विचारलं तर आधी त्या मुलीकडे बघून उत्तर द्यायच्या, माझ्याकडे बघून नाही. हे मला फार आवडलं. कुठल्याही ॲपने किंवा एजंटने हे केलं नसतं आणि फीमध्ये हे धरलेलंही नव्हतं.

आणि सप्टेंबरमध्ये आमच्या आल्टरच्या मुलाचा अपघात झाला. सकाळी कामावर येताना द्वारकाजवळ स्कूटर घसरली, पाय फ्रॅक्चर. मी मॅडमना फोन केला तो रडक्या आवाजातच. त्या म्हणाल्या, घरून कामावर येतानाचा अपघात पण ईएसआयमध्ये कामावरचाच धरतात, आधी त्याला सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला न्या, अपघाताचा रिपोर्ट मी आत्ता ऑनलाइन टाकते, वेळ आणि रस्ता नीट सांगा. सहा आठवडे तो घरी होता आणि त्याला पगाराच्या ९० टक्के हिशोबाने पैसे मिळाले, कामावरच्या इजेला तेवढे मिळतात, नुसतं आजारपण असतं तर ७० टक्के. त्याची आई दुकानात येऊन आप्पांच्या पाया पडायला लागली, आप्पांनी तिला थांबवलं आणि आत जाऊन बसले. त्या दिवसानंतर आप्पांनी मॅडमच्या फीबद्दल एक शब्द काढला नाही. दोन महिने आधी हीच नोंदणी नसती तर तो मुलगा कर्ज काढून बसला असता, आणि ते आमच्यामुळे झालं असतं.

आता बाकीच्या गोष्टी. कामगार कल्याण निधी म्हणून एक असतो, पाच किंवा जास्त माणसं असली की लागतो, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून. २०२४ मध्ये त्याचा दर बदलला, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ झाले, आधी बहुतेकांचे १२ आणि ३६ होते. माझं ॲप जुनाच दर कापत होतं. माणशी ५२ रुपयांचा फरक, चौदा माणसांचे ७२८, दोन हप्त्यांचे १,४५६. रक्कम अगदी लहान आहे, पण मॅडमनी ती पहिल्याच आठवड्यात शोधली, आणि कामगारांच्या वाट्याचा मागचा फरक आता त्यांच्या पगारातून कापू नका, तुम्ही भरा असं स्पष्ट सांगितलं. किमान वेतनाचा फरक मात्र मोठा निघाला, कारण शिवणाऱ्या मास्तरांना एजंटने अकुशलमध्ये टाकलेलं! तीस वर्षं कात्री चालवणारा माणूस अकुशल कसा असेल? त्यांना कुशलमध्ये घेतलं, मागचा फरक तीन हप्त्यांत दिला.

शॉप ॲक्टबद्दल मात्र नीट वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. आपल्याकडे २०१७ चा कायदा आहे, त्यात आधी दहा किंवा जास्त कामगार असले की पूर्ण नोंदणी आणि सगळे नियम, दहाच्या आत असले की फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने बदल मंजूर केला, मग अध्यादेश निघाला, आणि हा दहाचा आकडा वीस झाला. रोजचे तास नऊवरून दहा, तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४. आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी पेढे वाटल्यासारखे मेसेज, वीसच्या आत सगळं माफ, आता कोणी विचारणार नाही, एकाने तर पोरांना दहा तास बसवायलाही सुरुवात केली.

मॅडमचा त्या रात्री नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. सगळा सांगत नाही, पण मुद्दा असा की वीसच्या आतले शॉप ॲक्टच्या नियमांतून सुटले, बाकी काहीच सुटलं नाही. ईएसआय दहा माणसांपासूनच लागतं. किमान वेतन एका माणसालाही लागतं. प्रोफेशन टॅक्स तिथेच, कल्याण निधी पाचालाच, ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं काम करून सोडताना मिळणारी रक्कम) दहाला, बाळंतपणाची रजा दहाला, लैंगिक छळाविरुद्धची समिती दहाला. आणि रोजचे तास दहा केले तरी आठवड्याचे ४८ च आहेत, त्याच्या वर गेलं की दुप्पट दराने ओव्हरटाइम. पाटी मराठीत हवी हे पण सगळ्यांनाच, माणसं कितीही असोत. मी तो मेसेज ग्रुपवर टाकला तर दोघातिघांनी आभार मानले आणि एकाने ग्रुप सोडला.

यातून एक गोष्ट मला लागून राहिली. आमच्याकडे वर्षाचे दहा महिने चौदाच माणसं, म्हणजे कायद्याने आता वर्षातल्या आठ किरकोळ रजा, २० दिवस कामाला एक अशी मिळणारी भरपगारी रजा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि त्याशिवाय आणखी चार सणांची सुट्टी, हे सगळं शॉप ॲक्टमधून मागायचा हक्कच या पोरांकडे राहिला नाही. मी मॅडमना विचारलं, मग आम्ही काय करायचं? त्या म्हणाल्या, कायदा तुम्हाला रजा काढून घ्यायला सांगत नाही, द्यायची सक्ती उठली एवढंच. आम्ही सगळ्या रजा होत्या तशा ठेवल्या आणि ते नेमणूकपत्रात लिहून दिलं, म्हणजे उद्या मी नसले तरी कोणी फिरवू शकणार नाही. मला प्रामाणिकपणे वाटतं की दहा ते वीसच्या मधल्या दुकानांतल्या कामगारांचं यात नुकसान झालंय, आणि दुकानदार म्हणून हे मी बोललंच पाहिजे.

नेमणूकपत्र म्हटलं तर ते आता सगळ्यांना द्यायचंय. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात गेले. पण लक्षात ठेवा, शॉप ॲक्ट आणि कल्याण निधी हे राज्याचे कायदे त्या २९ मध्ये नाहीत, ते वेगळे चालूच आहेत. माझा गैरसमज होता की आता सगळं एकच झालं. संहितेत पगाराची व्याख्या बदलली, बेसिक आणि महागाई भत्ता सोडून बाकीचे भत्ते एकूणच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच धरतात. एजंटने आमची बेसिक ४० टक्के ठेवून बाकी घरभाडं, प्रवास, कपडे धुलाई अशी कसली कसली नावं घातलेली, कपडे धुलाई म्हणे, आमच्याकडे गणवेशच नाही! मॅडमनी सगळं मोडून सरळ केलं. माणूस काम सोडून गेला की दोन कामाच्या दिवसांत त्याचा राहिलेला पगार चुकता करायचा, हे पण आता लक्षात ठेवावं लागतं, आधी आमच्याकडे दहा तारखेला ये बघू असंच असायचं.

ग्रॅच्युइटीचं एकच सांगते. आमचे मोठे मास्तर डिसेंबरमध्ये थांबले, गुडघे साथ देईनात. आमच्याकडे अठरा वर्षं होते. आप्पांच्या डोक्यात शाल, श्रीफळ आणि पंचवीस हजाराचं पाकीट असं होतं, आणि ते मनापासून होतं. मॅडमनी हिशोब मांडला: शेवटचा पगार १५,६००, त्याला २६ ने भागलं तर दिवसाचे ६००, पंधरा दिवसांचे ९,०००, गुणिले अठरा, एक लाख बासष्ट हजार. आप्पा म्हणाले ग्रॅच्युइटी कंपनीत असते. मॅडम म्हणाल्या, काका, दहा माणसं असली की दुकानातही असते, आणि हे तुम्ही देत नाही आहात, हे त्यांनी अठरा वर्षं तुमच्याकडे ठेवलेलं आहे. एक एफडी मोडली. शालही दिली. मास्तरांनी त्यातून गावच्या घरावर पत्रे बदलले, संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले तेव्हा फोटो दाखवला.

आता अर्धा गुण का कापला. मॅडम अकराच्या आधी फोन घेत नाहीत, कितीही जळत असू दे, अपघाताच्या दिवशी मी नशिबाने सव्वाअकराला लावला होता. पीएफ-ईएसआय भरायचं चलन १३-१४ तारखेला हातात येतं, १५ ही शेवटची तारीख, दोन महिने बँकेच्या साइटमुळे माझा जीव टांगणीला लागलेला, आता मी दहा तारखेला आठवण करते. जानेवारीत त्या दहा दिवस आजारी होत्या तेव्हा ऑफिसच्या मुलींना रोजचं भरणं येत होतं पण काही विचारलं तर मॅडम आल्या की सांगतील, एवढंच. सगळं एका माणसाच्या डोक्यात आहे ही मला खरी काळजी वाटते. आणि पगाराची स्लिप त्या देत नाहीत, एक्सेल देतात, म्हणून ॲपचा स्वस्तातला प्लॅन मी चालू ठेवलाय, आकडे मॅडमचे, स्लिप ॲपची.

फी: सुरुवातीला मागचं सगळं निस्तरायचे १२ हजार एकदाच, मग महिन्याला साडेतीन हजार, १४ माणसांचे. सीझनला माणसं वाढली तरी वेगळे मागितले नाहीत. समितीचं काम, म्हणजे लैंगिक छळाविरुद्धची, त्यात बाहेरची एक सदस्य लागते, ती त्यांनी शोधून दिली, तिचं मानधन वेगळं. जुन्या तारखा टाकून रजिस्टर लिहून देणार नाहीत, मी पहिल्या दिवशी विचारलं होतं आणि त्यांनी लगेच फाइल माझ्याकडे सरकवली, मग मी माफी मागितली. साहेबांना सांभाळून घ्या वगैरे प्रकार नाही.

कोणी घ्यावं? आठ-नऊच्या वर माणसं असतील, किंवा सीझनला वाढत असतील, तर अशा माणसाकडे जाच. पण भांडीवाल्या काकांचा पुतण्या, त्याच्याकडे तीनच पोरं, तो माझ्या सांगण्यावरून गेला तर मॅडमनी त्याला परत पाठवलं. म्हणाल्या, शॉप ॲक्टची सूचना ऑनलाइन तू स्वतः भर, तुझ्या नावावरचा प्रोफेशन टॅक्स वर्षाला अडीच हजार तो भर, पोरांच्या पगारातून कापायचा असेल तर त्याचा दुसरा नंबर काढ, किमान वेतनाचा तक्ता जानेवारी आणि जुलैला बघत जा, आणि पाच माणसं झाली की मला फोन कर. पैसे घेतले नाहीत.

आणि पहिल्यांदा कन्सल्टंटकडे जाल, तो कोणीही असो, तर हजेरीचं मस्टर मागच्या बारा महिन्यांचं न्या, सीझनची वेगळी वही असेल तर ती पण न्या, लपवू नका. प्रत्येकाचं आधार आणि बँक पासबुकची झेरॉक्स, नाव दोन्हीकडे सारखं आहे ना ते घरीच तपासा, आमच्या चौघांची आडनावं जुळत नव्हती आणि त्यात तीन आठवडे गेले, लग्न झालेल्या मुलींचं तर हमखास अडतं. कामाला लागल्याची तारीख खरी सांगा. कोणी काही विचारायचं असेल तर विचारा, मला माहीत असेल ते सांगते, नाहीतर मॅडमना विचारून सांगते, अकरानंतर.